लॉगिंगची कॉन्फिग फसली हे कोडला कळणार कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ॲप व्यवस्थित सुरू होतं, रिक्वेस्टना उत्तरंही देतं, पण लॉग फाईल एकतर बनतच नाही नाहीतर शून्य बाइटची पडून राहते, कुठे एक्सेप्शन नाही की काही नाही, आणि हे लक्षात कधी येतं तर काहीतरी मोडल्यावर, लॉग बघायला गेलं की हाती काहीच लागत नाही तेव्हा. तर कॉन्फिग नीट लागली की नाही हे कोडमधूनच तपासता येतं का, आणि लायब्ररी सरळ एक्सेप्शन का फेकत नाही.

एक्सेप्शनचं आधी सांगतो, कारण ते कळलं की बाकीचं सोपं जातं. हा बग नाहीये, ठरवून केलेलं आहे. जावाची लॉगिंग लायब्ररी लॉगफोरजे, तिच्या पहिल्या पिढीच्या आणि तिचं डॉटनेटमधलं भावंड लॉगफोरनेटच्या डॉक्युमेंटेशनमध्ये स्वतःच कबूल केलंय की आमची सिस्टीम भरवशाची नाही, जमेल तेवढं करते, आणि नाही जमलं तर तुमचं ॲप न पाडता गुपचूप थांबते. विचार वाईट नाही, लॉगची डिस्क भरली म्हणून कुणाचं पेमेंट अडकावं असं कुणालाच नको असतं. पण हाच नियम त्यांनी चालू असतानाच्या चुकांना लावला तसा सुरुवातीच्या कॉन्फिगच्या चुकांनाही लावला, आणि सगळी गोची इथे आहे. ॲप सुरू होताना पाडलं तर फार बिघडत नाही, डिप्लॉय करणारा माणूस समोरच बसलेला असतो. तिथेही गप्प बसायचं म्हणजे चूक थेट पुढच्या आउटेजपर्यंत झाकून ठेवायची.

आणि गप्प म्हणजे अगदीच गप्प नसतात हे लोक, कुठेतरी पुटपुटतात. प्रत्येक फ्रेमवर्कला स्वतःच्या तक्रारी सांगायला एक आतला चॅनल असतो, तो बहुतेकदा स्टँडर्ड एररवर जातो, आणि तुमचं ॲप सर्व्हिस म्हणून चालत असेल तर स्टँडर्ड एरर कुठे जातो हे टीममधल्या निम्म्या लोकांना माहीत नसतं. त्यातून जुन्या लॉगफोरजेत आणि लॉगफोरनेटमध्ये अपेंडरचा (म्हणजे लॉगची ओळ फाईलमध्ये, कन्सोलवर वगैरे लिहिणाऱ्या भागाचा) डिफॉल्ट एरर हँडलर असा आहे की तो पहिलीच चूक सांगतो आणि नंतर तोंड बंद, त्याच्या क्लासच्या नावातच 'ओन्ली वन्स' आहे. जावाच्या अंगभूत लॉगिंगमधला एरर मॅनेजरही तसाच, पहिला एरर छापणार आणि पुढचे सगळे गिळणार. म्हणजे पहाटे तीन वाजता एक ओळ आली, कन्सोल स्क्रोल होऊन गेला, की विषय संपला.

आता मुख्य मुद्दा. लोक 'कॉन्फिग फेल झाली का' असं एकच विचारतात, पण त्यात तीन वेगळे प्रश्न असतात आणि तिन्ही वेगळ्या तऱ्हेने पकडावे लागतात: कॉन्फिग फाईल सापडली का, ती वाचून अपेंडर खरंच उभे राहिले का, आणि लिहिलेली ओळ जिथे पोचायला हवी तिथे पोचली का. बहुतेक जण पहिल्यावरच थांबतात. मला विचाराल तर तिसऱ्याचं उत्तर हातात नसेल तर पहिल्या दोघांच्या तपासणीवर फार विसंबू नका, कारण कॉन्फिग शंभर टक्के बरोबर लोड होऊनही लॉग न येण्याचे प्रकार भरपूर आहेत, त्याकडे येतोच.

फाईल सापडली नाही हे ओळखायला कोड लिहायच्या आधी लक्षणं बघा, कारण फाईल नसताना प्रत्येक फ्रेमवर्क वेगळं वागतं आणि त्यावरूनच निम्मं निदान होतं. कन्सोलवर अचानक डीबगचा पूर आला, हायबरनेट आणि एचटीटीपी क्लायंट सगळे बडबडायला लागले, तर ते लॉगबॅक (जावाचीच आणखी एक लायब्ररी) आहे आणि त्याला फाईल मिळालेली नाही, कारण फाईल नसली की तो डीबग लेव्हलने कन्सोलवर लिहितो. उलट कन्सोलवर फक्त एरर दिसतायत आणि इन्फो गायब, तर लॉगफोरजे २, त्याची डिफॉल्ट कॉन्फिग म्हणजे रूटला (सगळ्यात वरच्या लॉगरला) एरर लेव्हल आणि कन्सोल. काहीच म्हणजे काहीच नाही, तर जावात एसएलएफफोरजेला, जो नुसता मधला एपीआय आहे, खाली खरी लायब्ररी मिळालेली नसते आणि तो सगळं टाकून देणाऱ्या रिकाम्या लॉगरवर गेलेला असतो, तशी एक ओळ सुरुवातीला छापतो पण ती कोण वाचतंय. डॉटनेटमध्ये सेरिलॉग कॉन्फिगर केलाच नाही तर तोही असाच मुका असतो. डॉटनेटच्याच एनलॉगला फाईल नाही मिळाली तर लॉगमॅनेजरची कॉन्फिगरेशन प्रॉपर्टी नल राहते, ही तपासायला सगळ्यात सोपी. आणि पायथनमध्ये वॉर्निंग आणि त्याच्या वरचं तेवढं स्टँडर्ड एररवर नुसत्या मजकुराच्या रूपात दिसतं, ना वेळ ना लॉगरचं नाव, तेव्हा समजायचं की हँडलर (पायथनमध्ये अपेंडरला हेच म्हणतात) एकही नाही आणि ३.२ पासून आलेला 'लास्ट रिसॉर्ट' हँडलर काम करतोय.

एनलॉगचं निघालंच आहे तर, तिथे दहापैकी आठ वेळा कारण एकच असतं, कॉन्फिग फाईल प्रोजेक्टमध्ये आहे पण आउटपुट फोल्डरमध्ये कॉपी होत नाही, व्हिज्युअल स्टुडिओत त्या फाईलची प्रॉपर्टी बदलायची राहिलेली असते. (आठ हा आकडा माझा अंदाज आहे, कुणी मोजलेलं नाही.)

जावावाल्यांसाठी दोन गोष्टी वेगळ्या सांगतो कारण त्या हल्ली सारख्या दिसतात. २०२१ च्या डिसेंबरमध्ये लॉगफोरजे २ मधलं लॉगफोरशेल हे सुरक्षेचं भगदाड बाहेर आल्यावर सगळीकडे लायब्रऱ्या बदलायची घाई झाली, आणि त्या गडबडीत बऱ्याच जुन्या ॲपनी लॉगफोरजे १ काढून २ टाकला पण जुनी प्रॉपर्टीज फाईल तशीच ठेवली. दोन नंबर ती फाईल आपणहून वाचत नाही, फाईलचं नाव वेगळं आणि आतली रचनाही वेगळी. सुसंगततेसाठी एक ब्रिज आहे, पण त्यातही जुनी कॉन्फिग वाचायची सोय मुद्दाम चालू करावी लागते. त्यामुळे ॲप कंपाइल होतं, चालतं, आणि इन्फो लॉग गायब. दुसरी गोष्ट एसएलएफफोरजे २ ची. तो सर्व्हिस लोडर वापरून प्रोव्हायडर, म्हणजे खालची खरी लायब्ररी, शोधतो, १.७ पर्यंतची स्टॅटिक बाइंडरची पद्धत त्याने सोडली, त्यामुळे एपीआय २ चा आणि लॉगबॅक १.२ चा अशी जोडी क्लासपाथवर (जावा जिथे लायब्रऱ्या शोधतो त्या यादीत) आली की त्याला प्रोव्हायडर दिसतच नाही. कुठल्यातरी तिसऱ्याच लायब्ररीने मागच्या दाराने एपीआयची आवृत्ती वर ढकलली की हे होतं आणि तुमच्या स्वतःच्या बिल्ड फाईलमध्ये तुम्ही एक अक्षर बदललेलं नसतं. डिपेन्डन्सी ट्री काढून बघा, दुसरा उपाय नाही.

आता आतला चॅनल कसा उघडायचा ते. लॉगबॅकमध्ये कॉन्फिगरेशनच्या टॅगवर डीबग ट्रू करा किंवा कन्सोलवाला स्टेटस लिसनर लावा, मी लिसनरच लावतो कारण फाईलचं एक्सएमएलच मोडलेलं असेल तर टॅगवरच्या ॲट्रिब्यूटपर्यंत वाचन पोचेलच याची खात्री नसते आणि लिसनर सिस्टीम प्रॉपर्टीतून देता येतो. लॉगफोरजे १ ला आणि २ ला दोघांनाही डीबगची सिस्टीम प्रॉपर्टी आहे, कोड न बदलता जेव्हीएमच्या आर्ग्युमेंटमध्ये देता येते. लॉगफोरनेटला ॲप सेटिंग्जमध्ये आतल्या डीबगची की ट्रू करायची, एनलॉगला इंटर्नल लॉग फाईल आणि तिची लेव्हल द्यायची, सेरिलॉगला सेल्फलॉग चालू करून स्टँडर्ड एरर हातात द्यायचा. सेरिलॉगमध्ये तर हे कायम चालू ठेवा असंच म्हणेन, कारण जेसन सेटिंग्जमध्ये सिंकचं (त्याच्याकडे अपेंडरला हे नाव आहे) नाव चुकलं किंवा त्याचं पॅकेज टाकायचं राहिलं तर तो ते सिंक नुसतं सोडून देतो आणि सेल्फलॉगशिवाय दुसरीकडे कुठेही त्याचा पत्ता लागत नाही.

पण हे सगळं माणसाने वाचायचं झालं. तुम्ही विचारलंय कोडने कसं ओळखायचं, तर लॉगबॅक घेऊन एकदा नीट बघू, बाकीच्यांत कल्पना तीच.

पहिली पायरी, लॉगर फॅक्टरी मागा आणि ती लॉगबॅकचं लॉगर कॉन्टेक्स्ट आहे का ते तपासा. नसेल तर इथेच उत्तर मिळालं, क्लासपाथवर भलतंच काहीतरी बसलंय किंवा काहीच नाहीये. असेल तर त्या कॉन्टेक्स्टचा स्टेटस मॅनेजर असतो, त्यात कॉन्फिग वाचताना झालेल्या प्रत्येक गोष्टीची नोंद असते, कुठली फाईल कुठे सापडली, कुठला अपेंडर बनवला, कशावर अडलं. स्टेटस युटिल नावाचा छोटा क्लास आहे, त्याला सगळ्यात वरची स्टेटस लेव्हल विचारा, ती एरर असेल तर थांबा, वॉर्निंग असेल तरी थांबा असं माझं मत आहे. कारण लॉगबॅकच्या वॉर्निंग बऱ्याचदा खऱ्या असतात. उदाहरणार्थ एकाच नावाची कॉन्फिग फाईल क्लासपाथवर दोनदा सापडली तर तो वॉर्निंग देतो, आणि दोनपैकी कुठली लागेल हे क्लासपाथच्या क्रमावर अवलंबून, म्हणजे आज एक आणि उद्या नवीन जार आला की दुसरी.

मग दुसरी पायरी जी लोक करत नाहीत: रूट लॉगरचे अपेंडर एकेक करून फिरा आणि प्रत्येकाला विचारा, तू स्टार्ट झालायस का. फाईल अपेंडरला फाईल उघडता नाही आली तर लॉगबॅक त्याला स्टार्टच करत नाही, पण तो यादीत दिसतो, नाव बरोबर, प्रकार बरोबर, फक्त मेलेला. त्याच्याकडे ओळ गेली की स्टेटसमध्ये 'स्टार्ट न झालेल्या अपेंडरवर लिहायचा प्रयत्न' अशी वॉर्निंग येते, तीही पहिल्या काही वेळाच, नंतर तेही बंद.

हे होतं कसं ते एकदा जवळून बघितलंय. एका टीमचा सर्व्हर रात्री पॅच झाला, सकाळी सर्व्हिस नीट उठली नाही म्हणून कुणीतरी रूट युजरने हाताने जार चालवून बघितला, चालला, बंद केला, मग सर्व्हिस नेहमीच्या युजरने सुरू केली आणि ती सुरू झाली. मधल्या त्या अर्ध्या मिनिटात रोलिंगमुळे त्या दिवसाची नवीन लॉग फाईल बनली होती आणि तिची मालकी रूटकडे गेली. सर्व्हिसच्या युजरला ती उघडता येईना, अपेंडर उभाच राहिला नाही, ॲप मजेत चालू. दुपारी ग्राहकाची तक्रार आली तेव्हा फाईलमध्ये सकाळच्या त्या हाताने चालवलेल्या रनच्या पाच-पंचवीस ओळी, बस. फाईल आहे, तारीख आजची आहे, आत मजकूर आहे, म्हणून मॉनिटरिंगवाल्यांनाही सगळं हिरवं दिसत होतं. 'फाईल आहे का' ही तपासणी अशा वेळी उलट दिशाभूल करते.

लॉगफोरजे २ मध्ये कॉन्टेक्स्टकडून चालू कॉन्फिगरेशन मागा, ती डिफॉल्ट कॉन्फिगरेशनच्या क्लासची निघाली तर तुमची फाईल लागलेली नाही. मग अपेंडरच्या मॅपमध्ये तुम्हाला हवी ती नावं आहेत का ते बघा, कारण इथे मेलेला अपेंडर यादीतूनच गायब होतो: रोलिंग फाईल बनवता आली नाही की तो नल होतो, रूट त्याला नावाने शोधतो, 'हा अपेंडर सापडला नाही' असा एरर स्टेटस लॉगरवर येतो आणि गाडी पुढे जाते. स्टेटस लॉगरला स्वतःचा लिसनर लावून एरर मोजताही येतात, तो फक्त कॉन्फिग वाचायच्या आधी लावा, नंतर लावलात तर वरात निघून गेल्यावर मांडवात पोचल्यासारखं होतं.

लॉगफोरनेटवाल्यांनी एक लक्षात ठेवा, रिपॉझिटरीची 'कॉन्फिगर्ड' ही प्रॉपर्टी ट्रू आहे म्हणून खूश होऊ नका. एक्सएमएल वाचून झालं की ती ट्रू होते, अपेंडरचं काय झालं याच्याशी तिचा संबंध नाही. त्याऐवजी कॉन्फिगर करणारी मेथड जे मेसेजेसचं कलेक्शन परत देते ते घ्या, किंवा रिपॉझिटरीवरचं कॉन्फिगरेशन मेसेजेस बघा, आणि त्यात एररचा प्रिफिक्स असलेलं काही आहे का ते तपासा. ती मेथड कॉल करून परत आलेली व्हॅल्यू टाकून द्यायची सवय सगळ्यांना आहे, कारण जुन्या सगळ्या उदाहरणांत तसंच लिहिलेलं असतं. एनलॉगमध्ये एवढा उपद्व्याप नको, कॉन्फिगच्या चुकांवर एक्सेप्शन फेकायचं ॲट्रिब्यूट आहे ते ट्रू करा. त्याच्या शेजारी सगळ्याच चुकांवर एक्सेप्शन फेकायचं दुसरं ॲट्रिब्यूट आहे, ते प्रॉडक्शनमध्ये चालू करू नका, नाहीतर डिस्क भरली की ॲप पडेल आणि मग ॲप न पाडता गुपचूप थांबायचा तो सुरुवातीचा विचारच बरोबर होता असं वाटायला लागेल.

स्प्रिंग बूट वापरणाऱ्यांचं नशीब बरं, तो लॉगबॅकच्या कॉन्फिगमध्ये एरर सापडला की ॲप सुरूच होऊ देत नाही. सगळ्यांनीच असं केलं असतं तर मला हे लिहावं लागलं नसतं.

पायथन वेगळ्या जातीचा आहे. डिक्ट कॉन्फिगमध्ये काही चुकलं तर तो व्हॅल्यू एरर फेकतो आणि कुठला हँडलर बनला नाही तेही सांगतो, म्हणजे दोन नंबरचा प्रश्न तिथे आपोआप सुटतो. पण तिथल्या खऱ्या अडचणी दोन. एक, बेसिक कॉन्फिग: रूटला आधीच हँडलर असेल तर ती काहीही न करता परत येते, ना एरर ना वॉर्निंग, आणि कुठल्यातरी लायब्ररीने किंवा नोटबुकने आधीच हँडलर लावून ठेवलेला असतो. ३.८ पासून फोर्स नावाचं आर्ग्युमेंट आलंय ते वापरा. दुसरी अडचण जास्त वाईट. डिक्ट कॉन्फिग आणि फाईल कॉन्फिग दोन्हींत 'आधीचे लॉगर बंद करा' हे डिफॉल्ट ट्रू आहे. म्हणजे तुमच्या मॉड्यूलने वरती इम्पोर्टच्या वेळी लॉगर बनवला, मग मेनमध्ये कॉन्फिग लावली, आणि त्या कॉन्फिगमध्ये त्या लॉगरचं किंवा त्याच्या वरच्या कुणाचं नाव नाही, तर तो लॉगर डिसेबल. रूटचं नाव असून उपयोग नाही. इम्पोर्ट नंतर झालेले मॉड्यूल चालतात आणि आधी झालेले गप्प, त्यामुळे अर्धे लॉग येतात आणि अर्धे नाही, आणि इम्पोर्टचा क्रम बदलला की कुठले अर्धे हेही बदलतं. सुरुवातीला रूटच्या मॅनेजरकडची लॉगरची डिक्शनरी फिरून कुणाचा डिसेबल्ड फ्लॅग ट्रू आहे ते छापा, चार ओळींचं काम आहे. फिरताना काही नोंदी नुसत्या प्लेसहोल्डर असतात, त्या सोडून द्या.

आता ते, जिथे कॉन्फिग 'बरोबर' लागते आणि तरी लॉग नसतात. माझा सगळ्यात आवडता नमुना लॉगबॅकचा आहे. अपेंडरच्या फाईलचा पाथ एखाद्या व्हेरिएबलवरून घेतलेला असतो, समजा लॉग-डिर, आणि प्रॉडक्शनमध्ये ते एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल सेट करायचं राहिलं. लॉगबॅक थांबत नाही, तो त्या जागी व्हेरिएबलचं नाव आणि पुढे 'इज अनडिफाइन्ड' असं जोडून पाथ बनवतो, त्या नावाचा फोल्डर तयार करतो आणि निमूटपणे त्यात लॉग लिहीत बसतो. अपेंडर स्टार्टेड. सगळं छान. फक्त लॉग 'लॉग-डिर-इज-अनडिफाइन्ड' नावाच्या फोल्डरमध्ये. सर्व्हरवर शेवटी अनडिफाइन्ड असलेलं फोल्डर दिसलं की मला शोधायचं काही उरत नाही. व्हेरिएबलला कोलन आणि उणे चिन्ह लावून डिफॉल्ट देता येतं, पण मी देत नाही, मी सुरुवातीच्या तपासणीत पाथमध्ये तो शब्द आला तर ॲप पाडतो.

लेव्हलच्या स्पेलिंगचंही असंच. रूटची लेव्हल लिहिताना इन्फोमध्ये एक अक्षर मागेपुढे झालं तर लॉगबॅकला ती ओळखू येत नाही आणि तो डीबग धरतो, म्हणजे लॉग कमी करायला गेलात आणि डिस्क भरली. पायथन त्याच चुकीवर सरळ एक्सेप्शन देतो.

रिलेटिव्ह पाथ हा तिसरा. जावात तो प्रोसेसच्या चालू डिरेक्टरीपासून धरला जातो, विंडोज सर्व्हिसची चालू डिरेक्टरी सिस्टीम३२ असते, लिनक्सवर सिस्टीमडीच्या सर्व्हिसची काही सांगितलं नाही तर थेट रूट डिरेक्टरी. लॉगफोरनेट मात्र ॲपच्या बेस डिरेक्टरीपासून धरतो, त्यामुळे एका ठिकाणची सवय दुसरीकडे चालत नाही. कुठे लिहितोय हेच कळत नसेल तर फ्रेमवर्कला विचारत बसू नका, ऑपरेटिंग सिस्टीमला विचारा: लिनक्सवर एलएसओएफने त्या प्रोसेसच्या उघड्या फाईली बघा, आणि कॉन्फिग कुठे कुठे शोधली ते बघायचं तर एसट्रेसने फाईल उघडायचे कॉल पकडा, विंडोजवर प्रोसेस मॉनिटरमध्ये फाईलच्या नावाचा फिल्टर लावला की कुठल्या पाथवर शोधलं आणि कुठे नाही सापडलं ते ओळीने दिसतं. दोन मिनिटांत जे कळतं त्याच्यासाठी लोक दिवसभर कॉन्फिगमध्ये खाडाखोड करत बसतात.

आणि असिंक अपेंडर, म्हणजे ओळ आधी रांगेत ठेवून मागाहून लिहिणारा. लॉगबॅकच्या असिंक अपेंडरची रांग डिफॉल्टने २५६ इव्हेंटची असते आणि तीत २० टक्क्यांपेक्षा कमी जागा उरली की तो ट्रेस, डीबग आणि इन्फो फेकून द्यायला लागतो, वॉर्निंग आणि एरर ठेवतो. हे डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलेलं आहे, लपवलेलं नाही, पण लोडच्या वेळीच इन्फोच्या ओळी गायब होतात आणि नेमक्या त्याच वेळी त्या हव्या असतात. कॉन्फिग फेल झाली असं याला म्हणता येणार नाही, तरी तुमच्या दृष्टीने फरक काय पडतो.

म्हणून तिसरा प्रश्न, ओळ पोचली का. ॲप सुरू झाल्यावर नेहमीच्याच लॉगरमधून, इन्फो लेव्हलनेच, एक खास ओळ लिहायची, तिच्यात त्या रनचा युनिक आयडी टाकायचा, थोडं थांबायचं कारण बफर आणि असिंक असतं, आणि मग शेवटच्या ठिकाणी ती शोधायची. फाईल असेल तर फाईल उघडून शेवटचा भाग वाचा. सेंट्रल सर्व्हरवर जात असतील तर ॲपने स्वतः शोधायच्या भानगडीत पडू नये, ते डिप्लॉयच्या स्क्रिप्टवर सोडा, स्क्रिप्टने तो आयडी सर्च करायचा आणि दोन-तीन मिनिटांत नाही सापडला तर डिप्लॉय फेल. एरर लेव्हलने ही ओळ लिहू नका, बरेच जण 'नक्की जावी' म्हणून तसं करतात आणि मग डिफॉल्ट कॉन्फिगवरही ती जाते आणि तपासणी पास होते.

नंतर चालू असताना मिनिटाला एक हार्टबीट ओळ, म्हणजे 'मी जिवंत आहे' एवढंच सांगणारी, आणि अलर्ट ती न येण्यावर. एरर आला तर अलर्ट असं सगळ्यांकडे असतं, काहीच आलं नाही तर अलर्ट असं फार कमी जणांकडे. मायक्रोमीटर (जावा ॲपचे आकडे मोजणारी लायब्ररी) वापरत असाल तर त्याचा लॉगबॅकचा काउंटर फुकटात मिळतो, लेव्हलनुसार किती इव्हेंट झाले ते. तो लॉगरच्या तोंडाशी मोजतो, अपेंडरच्या पलीकडे नाही, आणि म्हणूनच कामाचा आहे: इथे दहा हजार इन्फो मोजले आणि सेंट्रल सर्व्हरवर त्याच वेळेत सहा हजार आले, तर मधे कुठेतरी गळती आहे. फक्त वेगळ्या पॅकेजवर लेव्हल किंवा अपेंडरवर फिल्टर लावले असतील तर आकडे तसेच जुळणार नाहीत, ते ध्यानात घेऊन तुलना करा.

टेस्टमध्ये पकडता येईल का असंही विचारलं जातं. येतं, पण जावात एक सापळा आहे. लॉगबॅक आणि लॉगफोरजे २ दोघंही आधी नावात टेस्ट असलेली कॉन्फिग शोधतात आणि ती मिळाली की मुख्य फाईलकडे बघतही नाहीत. म्हणजे तुमच्या सगळ्या टेस्ट हिरव्या आणि प्रॉडक्शनची फाईल पहिल्यांदा वाचली जाते ती प्रॉडक्शनमध्येच. एक टेस्ट अशी लिहा जी प्रॉडक्शनची फाईल नावाने उचलून वेगळ्या कॉन्टेक्स्टमध्ये लोड करते, व्हेरिएबल प्रॉडक्शनसारखी सेट करते, आणि स्टेटसमध्ये वॉर्निंग नको, अपेंडर सगळे स्टार्टेड हवेत एवढं बघते. उलटा सापळाही आहे, ती टेस्टवाली फाईल चुकून मुख्य जारमध्ये पॅक झाली तर प्रॉडक्शनमध्ये तीच लागते. बिल्डमध्ये जारच्या आत त्या नावाची फाईल आढळली तर बिल्ड मोडा.

मग चूक सापडली की ॲप पाडायचं का. सुरू होताना हो, बिनदिक्कत, स्टँडर्ड एररवर कारण लिहून नॉन-झीरो एक्झिट कोडने बाहेर पडा, लॉगरने लॉगरची तक्रार लिहू नका. चालू असताना नाही, तिथे हेल्थ चेकला डिग्रेडेड दाखवा आणि काम चालू ठेवा. अपवाद ऑडिट लॉगचा, जिथे नोंद झाली नाही तर व्यवहारच व्हायला नको असा नियम असतो. तिथे एक्सेप्शन वर यायलाच हवं, सेरिलॉगमध्ये त्यासाठी वेगळी ऑडिटची सोय आहे, लॉगफोरजे २ मध्ये अपेंडरवरचं एक्सेप्शन दुर्लक्षित करायचं ॲट्रिब्यूट डिफॉल्टने ट्रू असतं ते फॉल्स करा. फेलओव्हर अपेंडर लावणार असाल तरी पहिल्या अपेंडरवर हे फॉल्स करावंच लागतं, नाहीतर पहिला पडला हे दुसऱ्याला कळतच नाही आणि तो आयुष्यभर वाट बघत बसतो. मी बघितलेल्या फेलओव्हर सेटअपपैकी बऱ्याच ठिकाणी नेमकं हेच राहिलेलं होतं.

आणि चालू ॲपमध्ये कॉन्फिग आपोआप परत वाचायची सोय चालू ठेवली असेल तर वरची सगळी तपासणी प्रत्येक रिलोडनंतर परत चालवा. लॉगबॅकला रिलोडच्या वेळी मोडलेलं एक्सएमएल मिळालं तर तो आधीच्या चांगल्या कॉन्फिगवर परत जातो, ते चांगलंच आहे, पण सर्व्हरवर रात्री घाईत डीबग चालू करणाऱ्याला वाटतं आपला बदल लागला, आणि तो तासभर डीबगच्या ओळींची वाट बघत बसतो. तेव्हा फाईल सेव्ह केल्यावर आधी स्टेटस बघा, मग लॉग.